घड्याळाची कड आणि रांजणगावची पोरं

आधीच सांगून टाकतो, ही पोस्ट घड्याळावर आहे, पण चिन्हावर नाही. शिरूर-दौंडमध्ये घड्याळ हा शब्द नुसता उच्चारला तरी कमेंटमध्ये दोन गट पडतात, म्हणून हा खुलासा. मला मनगटावरच्या घड्याळाबद्दल बोलायचंय. त्यातही मागचं झाकण उघडल्याशिवाय दिसत नाहीत अशा भागांबद्दल.

विषय निघाला तो न्हावऱ्याकडच्या एका ओळखीच्या पोरामुळं. आयटीआय झालाय, फिटर. रांजणगावात एका व्हेंडरच्या शेडमध्ये ठेकेदाराकडून लागलाय. काम काय करतोस विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "काही नाही दादा, बर काढतो."

ज्यांचा वर्कशॉपशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. धातू कापला की कापलेल्या कडेला बारीक, धारदार काटेरी पापुद्रा राहतो. त्याला बर म्हणतात. तो काढायचा, कड थोडी तिरपी करायची, म्हणजे पुढं जोडणाऱ्याचा हात कापत नाही आणि पार्ट नीट बसतो. सीएनसीवर पार्ट निघाला की क्रेटमध्ये पडतो आणि शेजारी स्टुलावर बसलेला पोरगा कानस किंवा स्क्रेपर घेऊन कडा मारत बसतो. शेडमधलं सगळ्यात खालचं काम. नवीन आलेल्याला पहिलं हेच देतात, आणि ज्याला बाकी काही येत नाही असं सुपरवायझरचं मत आहे त्यालाही हेच.

आता गंमत बघा. हेच काम, म्हणजे धातूची कड पंचेचाळीस अंशात तिरपी करून आरशासारखी चमकवणं, स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या धंद्यातलं सर्वात मानाचं आणि महागाचं काम आहे. त्याला फ्रेंचमध्ये 'आंग्लाज' म्हणतात. भारी घड्याळातल्या एकेका पट्टीची कड घासायला तास न् तास जातात. जिनिव्हा शहराचा घड्याळांसाठी स्वतःचा शिक्का आहे, १८८६ च्या कायद्यानं सुरू झालेला. तो मिळवायचा तर घड्याळ वेळ नीट दाखवतं एवढं पुरत नाही. आतल्या भागांच्या कडा कशा काढल्यात, पृष्ठभाग कसे घासलेत, स्क्रूची डोकी कशी आहेत, हे सगळं तपासतात. एका कडेला रांजणगावात हेल्परचा रोज मिळतो आणि दुसऱ्या कडेला जिनिव्हात शिक्का. धातू दोन्हीकडं सारखाच. बहुतेकदा पितळ नाहीतर पोलाद.

हे वाचून लगेच "स्विस लोकांची गोष्ट वेगळी" म्हणू नका. थोडं पुढं वाचा.

घड्याळाच्या भागांवरची नक्षी म्हणजे नेमकं काय, ते आपल्या ओळखीच्या वस्तूंतूनच सांगतो. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी माहीत असेल. पेशवाईपासून तिथं तांब्याची भांडी घडतात. हंड्यावर, बंबावर हातोडीचे गोल गोल ठोके एकाला एक लागून ओळीनं मारलेले असतात. ते मठारकाम. त्यानं भांडं कडक होतं आणि दिसतंही देखणं. घड्याळाच्या आतल्या प्लेटवर जवळपास तशीच दिसणारी नक्षी असते, त्याला 'पर्लाज' म्हणतात. फरक एवढाच की तिथं हातोडी नसते. बारीक घासणारी फिरती कांडी प्लेटवर क्षणभर टेकवायची, उचलायची, किंचित सरकवायची, परत टेकवायची. एक वर्तुळ दुसऱ्यावर थोडं चढलं पाहिजे आणि सगळीकडं सारखंच चढलं पाहिजे. माशाच्या खवल्यांसारखं दिसतं.

दुसरी नक्षी 'गिलोशे'. ही तुमच्या खिशात आहे. नोट काढा आणि उजेडात धरून तिच्यावरच्या एकमेकींत गुंतलेल्या नाजूक वळणदार रेषा बघा. त्या जाळीला छपाईवाले गिलोशेच म्हणतात. नाशिक रोडच्या छापखान्यात ती नकल करणाऱ्याला अडवायला वापरतात. घड्याळाच्या डायलवर तीच जाळी धातूत कोरलेली असते. ब्रेगे नावाच्या पॅरिसच्या घड्याळजीनं १७८६ च्या सुमारास ती डायलवर आणली. तिचं जुनं यंत्र म्हणजे रोझ इंजिन. त्यात नक्षीच्या कडेची एक चकती असते. कारागीर एका हातानं हँडल फिरवतो, दुसऱ्या हातानं कापणाऱ्या हत्याराचा दाब सांभाळतो, आणि चकतीच्या चढउतारानुसार डायल मागंपुढं डुलतो. जिथं दाब चुकला तिथं डायल भंगारात.

आणि तिसरी गोष्ट तर लग्नाच्या बस्त्याला गेलेल्या प्रत्येकीनं पाहिलीय. सराफाच्या दुकानात 'सीएनसी बांगडी' म्हणून वेगळा ट्रे असतो. त्या बांगडीवरचे लखलखणारे कट हिऱ्याच्या टोकाच्या हत्यारानं, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर मारलेले असतात. घड्याळाचे काटे आणि डायलवरच्या तासाच्या खुणा चमकवायलाही हिऱ्याचंच हत्यार लागतं. हिरा पितळेवर आणि सोन्यावर असा कापतो की नंतर पॉलिश मारायची गरज उरत नाही. पोलादावर मात्र हिरा टिकत नाही, लवकर झिजतो, तिथं दुसरे उपाय करावे लागतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. रांजणगावच्या एका सेटरला विचारलं तर त्यानं, "मग? कार्बन खातंय ना लोखंड," असं चहाचा घोट घेत सांगितलं. म्हणजे ज्ञान आपल्याकडं नाही असं कुणी म्हणू नये.

आता मुद्द्याचा प्रश्न. ही नक्षी कॉम्प्युटरच्या मशीनवर काढली तर ती कला राहते का? जगभरच्या घड्याळवेड्यांमध्ये यावर तावातावानं वाद चालतो. एक गट म्हणतो, हातानं फिरवलेल्या रोझ इंजिनचीच खरी, बाकी सगळी नक्कल. दुसरा म्हणतो, रेष चांगली आल्याशी मतलब.

माझं मत सांगतो. सीएनसीवर गिलोशे काढताना काय करावं लागतं ते एकदा समजून घ्या. नेहमीच्या मिलिंगमध्ये हत्यार गरगर फिरतं. इथं बऱ्याचदा स्पिंडल लॉक करून टाकतात आणि न फिरणारं अणकुचीदार हत्यार धातूतून ओढतात, नांगराच्या तासासारखं. खोली मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजायची. डायल फिक्स्चरवर केसभर जरी तिरका बसला तरी एका बाजूला रेष खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट येते, आणि ते साध्या डोळ्यांना दिसतं, कारण उजेड खोटं बोलत नाही. हत्याराला कोन किती द्यायचा, ओढायचा वेग किती, ऑइल कुठलं, टोक कधी बदलायचं, हे प्रोग्रॅममध्ये आपोआप येत नाही. नक्षी कॉम्प्युटरनं काढली म्हणणं म्हणजे कीर्तन माइकनं केलं म्हणण्यासारखं आहे.

पण दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मशीनवर केलं असेल तर मशीनवर केलं म्हणा. येवल्याच्या पैठणीचं काय झालं आपण पाहिलंय. यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून विकली जाते आणि मरतो तो विणकर. घड्याळातही तीन प्रकार आहेत. ठशानं दाबलेली नक्षी, सीएनसीवर कापलेली, आणि हाताच्या यंत्रावर कापलेली. भिंगातून पाहिलं तर ठशाच्या नक्षीच्या कडा बोथट, गोलसर दिसतात आणि कापलेल्या नक्षीच्या धारदार. तिघांची किंमत वेगळी असायला हरकत नाही, खोटं लेबल नको. सीएनसीची नक्षी स्वतःच्या नावानं विकली गेली तरच तिच्यामागच्या सेटरचं कसब कुणाला तरी दिसेल.

आणि आता त्या न्हावऱ्याच्या पोराकडं येतो, कारण खरी गोम इथं आहे.

मशीनला एक गोष्ट जमत नाही. आतला कोपरा. फिरणारं हत्यार गोल असतं, त्यामुळं पट्टी जिथं आत वळते तिथं मशीन नेहमी गोलाई सोडतं, मग हत्यार कितीही बारीक घ्या. दोन तिरप्या कडा आत येऊन सुरीच्या टोकासारख्या एका रेषेत मिळाल्या पाहिजेत तर तिथं हात लागतो. बारीक कानस, मग लाकडाची काडी, मग हिऱ्याची पेस्ट. म्हणून जाणकार माणूस महागडं घड्याळ हातात घेतलं की भिंग लावून आधी आतले कोपरे मोजतो. टोकदार असेल तर हात लागलाय, गोल असेल तर मशीननं सोडून दिलंय. आज मोठ्या कंपन्यांतही असंच चालतं. ढोबळ आकार आणि बरीचशी नक्षी सीएनसीवर, शेवटचा हात माणसाचा.

आपल्या आयटीआयमध्ये फिटरला पहिले कित्येक महिने काय शिकवतात? फायलिंग. लोखंडाचा तुकडा शिकंज्यात धरून कानशीनं सपाट करा, काटकोनात आणा, राइट अँगलला उजेडात धरून फट दिसते का बघा, दुसरा तुकडा त्यात फिट करा. पोरं कंटाळतात. "सर, आता सगळं सीएनसीवर होतं, हे कशाला?" असं विचारतात, आणि सरांकडं उत्तर नसतं, कारण बाहेर शेडमध्ये त्या कानशीला खरंच बर काढण्यापलीकडं काम नाही. ज्या दोन गोष्टी एकत्र आल्या की जिनिव्हाचं काम होतं, सीएनसी आणि कानस, त्या दोन्ही गोष्टी रांजणगावच्या एकाच शेडमध्ये दहा फुटांवर आहेत. त्यांची गाठ कुणी घालून दिलेली नाही एवढंच.

आणखी एक. आपल्या एमआयडीसीतली मशीन आणि घड्याळ यांचं नातं जुनं आहे, परकं नाही. व्हेंडरांच्या शेडमध्ये बारीक शाफ्ट नि पिना काढायला 'स्लायडिंग हेड' लेथ असतात, त्यांना 'स्विस टाइप' म्हणतात. हे नाव उगाच नाही. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाचे स्क्रू आणि आस काढायला हा लेथ जन्मला. आज त्याच्यावर इंजेक्टरचे आणि सेन्सरचे भाग निघतात. सिटिझन ही जपानी कंपनी आपल्याला घड्याळांची म्हणून माहीत, पण तिच्या नावाचे सीएनसी लेथ जगभर चालतात. आणि आपली एचएमटी? हिंदुस्तान मशीन टूल्स. मूळ धंदा मशीन बनवायचा. १९६१ मध्ये त्याच सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूत घड्याळं सुरू केली. आपल्या वडलांच्या पिढीत जावयाला सासऱ्याकडून एचएमटी मिळाली नाही तर रुसवा ठरलेला असायचा. २०१६ मध्ये केंद्रानं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. कितीतरी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एचएमटीचे लेथ अजून चालू आहेत, घड्याळं मात्र आता जुन्या बाजारात शोधावी लागतात.

"पण हे आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात कुठं शक्य आहे?" हा प्रश्न येणारच. होसूर बघा. तामिळनाडूतलं, बंगळुरूच्या वेशीवरचं, तेव्हाच्या मागास धर्मपुरी जिल्ह्यातलं गाव. १९८४ मध्ये टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या उद्योग महामंडळानं मिळून टायटन काढली आणि कारखाना होसूरला टाकला. कामाला आणली ती आसपासच्या खेड्यांतली शाळा संपवून आलेली पोरं-पोरी. त्यांना फ्रान्सच्या कंपनीचं तंत्र शिकवलं. त्याच कंपनीनं २००२ मध्ये साडेतीन मिलिमीटर जाडीचं 'एज' घड्याळ काढून दाखवलं. आमच्या शिरूरच्या पूर्व भागातल्या किंवा दौंडच्या जिरायत पट्ट्यातल्या पोरांपेक्षा होसूरच्या पोरांना दोन बोटं जास्त नव्हती.

आणि हिमाचलातलं परवाणू घ्या. डोंगरातल्या त्या गावात केडीडीएल कंपनी घड्याळांच्या डायल बनवते आणि त्या स्विस कंपन्यांनाही जातात. म्हणजे 'स्विस लोकांची गोष्ट वेगळी' म्हणता म्हणता त्यांच्या मनगटावरची तबकडी आपल्याच देशातून गेलेली असू शकते.

आता हे आजच का लिहितोय? दोन कारणं आहेत. पहिलं, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी भारतानं १० मार्च २०२४ ला व्यापार करार केला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरत जाणार आहे. पेपरांत बातमी आली ती "स्विस घड्याळं स्वस्त होणार" अशी. ज्यांच्या हातात ती घड्याळं येणार त्यांना आनंद झाला असेल, झालाच पाहिजे. पण त्याच करारात त्या देशांनी पंधरा वर्षांत शंभर अब्ज डॉलर गुंतवणूक आणि दहा लाख रोजगारांची गोष्ट केलीय. घड्याळ स्वस्त होण्याच्या बातम्या चिकार आल्या. त्या रोजगारातला एक तरी आपल्या तालुक्यात यावा म्हणून कुणी काही विचारलंय, अशी बातमी माझ्या वाचनात नाही.

दुसरं कारण रांजणगाव टप्पा तीन. ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी केंद्रानं तिथं इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर जाहीर केलं. ४९२ कोटी ८५ लाखांचा प्रकल्प, २९७ एकर. त्या आठवड्यातलं राजकारण सगळ्यांना आठवत असेल, प्रकल्प गुजरातला चालल्याची ओरड चालू होती आणि त्यात ही घोषणा आली. मी त्या राजकारणात आता शिरत नाही. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे नुसते सर्किट बोर्ड नसतात. स्मार्टवॉच असतं, तिची धातूची केस असते, साउंड सिस्टिमचं बटण असतं, गाडीच्या डॅशबोर्डवरची पट्टी असते. त्या सगळ्यांवर कुणीतरी रेषा, वर्तुळं, सूर्यकिरणांसारखी घासणी काढतं. गिऱ्हाईक दुकानात ती वस्तू उचलतं ते त्या चमकेमुळं. ते 'फिनिश' बाहेरून तयार होऊन येणार आणि आपल्याकडं नुसती जुळणी होणार, की ते इथंच होणार?

शेडचे मालक म्हणतील, ऑर्डर कुठं आहे? खरंय. उद्या सकाळी जिनिव्हाहून फोन येणार नाही. अशा नक्षीच्या घड्याळांचा बाजार गाड्यांसारखा लाखोंचा नाही, आणि मी कुणाला कर्ज काढून पंचअक्षी मशीन घ्या असं सांगत नाहीये. पण जयपूर वॉच कंपनी, बंगलोर वॉच कंपनी अशा भारतीय छोट्या कंपन्या गेल्या दहा-बारा वर्षांत उभ्या राहिल्यात, मोजक्या संख्येची घड्याळं काढतात. अशा कामाला हजारोंच्या लॉटची गरज नसते. मशीन रिकामं असतं तेव्हा एक फिक्स्चर बनवून पितळेच्या चकतीवर पर्लाज मारून बघायला किती खर्च आहे? पुरवठादार बदलला की सिलिंडर हेडचा बोल्ट रुपयाभरानं कमी करायला लावणारा खरेदी अधिकारी नक्षीच्या बाबतीत तसं करू शकत नाही, कारण तो ती दुसऱ्या शेडमध्ये सहज नेऊ शकत नाही. बोल्ट कुणीही काढतं.

कामगार चळवळीतले मित्र विचारतील, कंत्राटी पोराला कसब शिकवून मालकाचाच फायदा ना? हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. पोरगा ठेकेदाराच्याच रजिस्टरवर राहिला आणि बर काढण्याऐवजी आंग्लाज करायला लागला, तर फक्त शब्द बदलला. पण बटण दाबणाऱ्याला ठेकेदार एका फोनवर बदलतो. ज्याच्या हाताशिवाय आतला कोपरा येत नाही त्याला बदलता येत नाही, आणि पगाराचं बोलणं तिथून सुरू होतं. हे मला नुसत्या मोर्चापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. मोर्चाही काढावाच.

तर माझी मागणी साधी आहे. शिरूर आणि दौंडच्या आयटीआयमध्ये मशिनिस्ट आणि फिटरच्या पोरांना शेवटच्या सहा महिन्यांत एकत्र बसवून फिनिशिंगचा एक छोटा कोर्स द्या. पितळेच्या पट्ट्या, एक जुना व्हीएमसी, चार भिंगं, कानशी आणि हिऱ्याची पेस्ट. एवढ्या सामानाला मंत्रालयात जायची गरज नाही. शिकवायला छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधून माणूस बोलवा, आणि त्याच्यासोबत तांबट आळीतला एखादा कारागीरही बोलवा. धातूवर उजेड कसा पडतो हे त्याच्याइतकं कुणाला कळतं?

आयटीआयची व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात उद्योजक बसतात, हे फार जणांना माहीत नसतं. त्यातले काही जण ही पोस्ट वाचतात, लाइकही करतात. त्यांनी पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घालावा. घातला की मला कळवा, मी बातमी करतो. नाही घातला तरी कळवा, त्याचीही करतो.